लिफाफ्यातली नावे

विद्यानगरातल्या आमच्या रविवारच्या बैठकीला नाव नाही, घटना नाही आणि वर्गणीही नाही. उस्मानिया विद्यापीठाच्या परिसरात दोन-तीन पिढ्यांपूर्वी येऊन स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतले आम्ही पाच जण संध्याकाळी एखाद्याच्या घरी जमायचे, चहा आणि उस्मानिया बिस्किटे व्हायची, जगाची उठाठेव करून झाली की दिवेलागणीनंतर आपापल्या घरी जायचे, असा वर्षानुवर्षांचा क्रम. आमच्यात एक आयुर्विमा महामंडळातून निवृत्त झालेले अधिकारी, दुसरे गणिताचे प्राध्यापक पण ज्योतिषाचा नाद जडलेले, तिसरे औषधांचे दुकानदार. आणि सर्वांत वडील म्हणजे सिकंदराबादच्या रेल्वे कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणत असू. पाचवा मी, सरकारी शाळेचा मुख्याध्यापक, म्हणून सर्वांचा ‘मास्तर’.

या पाच सभ्य गृहस्थांनी एक असभ्य खेळ मांडला, त्याची ही हकीकत आहे. वाचकांनी प्रथम रागवावे, आणि मग पुढे वाचावे.

२०२१ च्या ३१ डिसेंबरची संध्याकाळ. करोनाच्या दोन लाटा येऊन गेल्या होत्या. आमच्या गल्लीतली किती तरी माणसे त्यांत गेली होती आणि मरणाची बातमी ऐकून दचकण्याचीही शक्ती आमच्यात उरली नव्हती. अशा वेळी मनुष्य रडतो तरी, नाही तर हसतो. औषधवाल्यांनी कुठेसे ऐकले होते, की पाश्चात्य देशांत नववर्षाच्या आरंभी मित्रमंडळी येत्या वर्षात कोण नामांकित व्यक्ती निवर्ततील यांच्या याद्या करतात आणि वर्षअखेर गुण मोजतात. १९८८ साली या खेळावर बेतलेला क्लिंट ईस्टवूडचा एक इंग्रजी चित्रपटही येऊन गेला होता. झाले! प्रत्येकाने पाच नावे लिहायची, लिफाफा बंद करायचा, आणि पुढच्या ३१ डिसेंबरला उघडायचा. ज्याची नावे अधिक खरी ठरतील त्याला इतरांनी मिळून जेवण द्यायचे.

अण्णांच्या घरच्या वहिनींनी हे ऐकले मात्र, आणि चहाचा ट्रे घेऊन त्या दारातच थांबल्या. “तिन्हीसांजेच्या वेळी हे काय अभद्र! वास्तू तथास्तु म्हणत असते, एवढंही कळत नाही का तुम्हा शिकलेल्या माणसांना? ते लिफाफे माझ्या घरात नकोत.” लिफाफे अखेर माझ्या कपाटात आले.

खेळ सुरू झाल्यावर त्यात शास्त्र शिरले. प्राध्यापक पंचांग काढून नामवंतांच्या कुंडल्या मांडू लागले, तेव्हा विमावाल्यांनी त्यांना आठवण दिली, की कै. जयंत नारळीकरांनी २००८ मध्ये पुण्यात ज्योतिषाची चाचणी घेतली होती. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवून त्यांपैकी प्रत्येकी चाळीस ज्योतिष्यांकडे पाठविल्या. कोणती कुंडली कोणत्या प्रकारच्या मुलाची, एवढेच सांगायचे होते. सत्तावीस ज्योतिष्यांनी उत्तरे दिली, आणि त्यांतली बरोबर निघाली शेकडा शेहेचाळीस. नाणे उडवले असते तरी याहून वाईट झाले नसते! शिवाय जातकाच्या मृत्यूचे भाकीत सांगू नये, हा संकेत जुने ज्योतिषीही पाळत आले आहेत.

विमावाल्यांची स्वतःची रीत अगदी कोरडी होती. ज्याच्या नावाचा धूमकेतू आपण ओळखतो, त्या एडमंड हॅलेने १६९३ साली ब्रेस्लाउ शहरातल्या जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून एक कोष्टक तयार केले. अमुक वयाच्या माणसांतली किती माणसे पुढचे वर्ष पाहतील, हे त्यातून काढता येई. साऱ्या आयुर्विम्याचा पाया या कोष्टकांवर उभा आहे. “हजारांत किती जातील ते आम्ही सांगतो, कोण जाईल ते आमच्या बापालाही सांगता यायचं नाही,” असे ते म्हणाले, आणि त्यांनी नव्वदी ओलांडलेली पाच नावे लिहून लिफाफा चिकटवला.

मृत्यूच्या आधीच त्याची तयारी करणारे आम्हीच काही पहिले नव्हतो. मोठ्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत थोरांचे मृत्युलेख ते हयात असतानाच लिहून ठेवलेले असतात. अभिनेत्री एलिझाबेथ टेलर २०११ मध्ये वारली, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आलेल्या मृत्युलेखाचा लेखक तिच्याआधी सहा वर्षे, २००५ मध्येच, जग सोडून गेला होता! आणि आपल्या देशाच्या संसदेने तर जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली आहे. २२ मार्च १९७९ रोजी जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयात अत्यवस्थ असता पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत त्यांच्या निधनाची वार्ता सांगितली, श्रद्धांजलीची भाषणे झाली, सभागृह तहकूब झाले. आणि जयप्रकाशजी तर हयात होते! ते वारले ८ ऑक्टोबरला, म्हणजे बरोबर दोनशे दिवसांनी.

आमच्या आजीला हे ऐकून नवल वाटले नसते. मरणाची खोटी बातमी उठली की माणसाचे आयुष्य वाढते, अशी तिची श्रद्धा होती. कावळ्यांचा समागम दृष्टीस पडणे हा मोठा अपशकुन. तो टाळण्यासाठी पाहणाऱ्याच्या मृत्यूची खोटी वार्ता नातलगांना कळवायची, त्यांनी दोन अश्रू ढाळले की संकट टळले, असा समज आपल्याकडे होता. समज खुळा असेल; पण त्या खुळेपणातला हेतू पाहावा. तिथे मरणाची वार्ता उठवायची ती माणूस जगावा म्हणून. आमच्या खेळात मात्र वार्ता खरी ठरली तरच गुण मिळणार होता. हा फरक त्या संध्याकाळी आमच्या कुणाच्याही ध्यानात आला नाही.

२०२२ च्या ६ फेब्रुवारीला लताबाई गेल्या. जवळजवळ महिनाभर त्या रुग्णालयात होत्या. त्या रविवारी आमची बैठक बसली खरी, पण बराच वेळ कुणी बोलले नाही. पुढे कळले, की वय पाहता त्यांचे नाव कुणाच्याही यादीत सहज यावे, तरी पाचांपैकी एकाच्याही लिफाफ्यात ते नव्हते. विमावाल्यांच्या कोष्टकातसुद्धा! ते नाव लिहायला हात धजलाच नव्हता. म्हणजे ज्यांच्या जाण्याने आपले काही जाणार नाही अशीच नावे आम्ही शोधून शोधून लिहिली होती.

माझ्या यादीत चार नावे परदेशातली होती. पाचवे सुचेना. आदल्या रात्रीच मी ‘अनुमती’ हा चित्रपट पाहिला होता. विक्रम गोखले यांना ज्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो हा चित्रपट. बेशुद्धावस्थेत पडलेल्या पत्नीचे उपचार थांबवण्याची संमती द्यायला न धजणारा, तिच्यासाठी पैशांकरिता दारोदार फिरणारा नवरा त्यांनी त्यात उभा केला आहे. ते नाव डोळ्यांपुढे होते, म्हणून पाचव्या ओळीत मी ते लिहून टाकले. दुसरे काहीही कारण नव्हते.

२३ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री विक्रम गोखले यांच्या निधनाची बातमी सर्वत्र पसरली. मोठमोठ्यांचे शोकसंदेशही आले. बोलण्याच्या ओघात मी माझ्या याद्या फोडल्या होत्याच, त्यामुळे रात्री उशिरा औषधवाल्यांचा फोन आला : “मास्तर, एक गुण तुमचा. अभिनंदन!” मी हसलो. सकाळी कळले, की बातमी खोटी होती; प्रकृती चिंताजनक असली तरी ते हयात आहेत, असे घरच्या माणसांनी सांगितले होते.

आता जे लिहितो ते लिहिताना लाज वाटते, पण तेच लिहिण्यासाठी लेखणी हाती घेतली आहे. ती बातमी वाचली त्या क्षणी मला आनंद झाला नाही. किंचित, अगदी निमिषमात्र, हिरमोड झाला. काही तरी हातात आले होते आणि निसटले, असे वाटले. लगेच भानावर आलो. परंतु तेवढ्या अवधीत मी माझे जे रूप पाहिले ते विसरता येत नाही. ज्यांच्या अभिनयाने मी अनेकदा रडलो, ज्यांनी माझे कधी काही बिघडवले नाही, त्या माणसाचे जगणे मला एका जेवणाच्या आड येत होते! पुढचे तीन दिवस सकाळी वर्तमानपत्र उघडताना माझा हात अडखळत असे. २६ नोव्हेंबरला ते खरोखरच गेले. तो गुण मी मागितला नाही. कुणी दिलाही नाही.

त्या रविवारी मी हे सारे बैठकीत सांगितले. विमावाले नेहमी थट्टेखोर, पण त्या दिवशी गंभीर झाले आणि म्हणाले, “मास्तर, तुम्हाला जे आज कळलं, त्यासाठी इंग्लंडात कायदा करावा लागला.” मग त्यांनी सांगितलेली हकीकत अशी. अठराव्या शतकात लंडनच्या प्रतिष्ठित मंडळींत थोरांच्या आयुष्यावर पैजा लावण्याची टूम होती. होरेस वॉलपोल या सरदारपुत्राने १७५० सालच्या एका पत्रात एक किस्सा नोंदवला आहे. एका नामांकित क्लबाच्या दाराशी एक मनुष्य कोसळला. त्याला आत नेले आणि तत्काळ पैजा लागल्या, की हा मेला आहे की नाही! कुणी त्याचे रक्त काढून उपचार करू लागला, तर ‘मेला’ म्हणून पैज लावणाऱ्यांनी आक्षेप घेतला, की याने पैजेचा निवाडा न्याय्य राहणार नाही. याच वृत्तीने लोक अनोळखी माणसांच्या आयुष्याचे विमे उतरवू लागले. ज्याचा विमा उतरवला तो लवकर मरावा, एवढाच त्यांचा त्याच्याशी संबंध. अखेर १७७४ मध्ये तिथल्या संसदेने कायदा केला, की ज्याच्या जीविताशी तुमचा खराखुरा हितसंबंध नाही, त्याच्या आयुष्याचा विमा तुम्हाला उतरवता येणार नाही. विम्याचे हे तत्त्व आपल्याकडेही मानले जाते, आणि १८७२ च्या आपल्या करार कायद्यानेही पैजेचा करार निरर्थक ठरवला आहे.

“हितसंबंध म्हणजे काय, मास्तर?” ते म्हणाले. “ज्याच्या जाण्यानं तुमचं नुकसान होतं, त्याच्याच आयुष्याचा विमा तुम्ही उतरवायचा. बायकोनं नवऱ्याचा, सावकारानं ऋणकोचा. ज्याच्या मरणात तुम्हाला नुसता फायदा, त्याच्या आयुष्याला तुम्ही हात लावायचा नाही. आणि स्वतःच्या आयुष्यात माणसाचा हितसंबंध अमर्याद असतो, तिथं कायदा आकडा विचारत नाही.”

मला वाटते, मरणावर हसण्यात पाप नाही. आपल्या गावोगावच्या पारांवर म्हातारी माणसे स्वतःच्या तिरडीच्या बांबूंचाही विनोद करीत आली आहेत. तो विनोद मरणाचा असतो. दुसऱ्याच्या मरणात आपला काही लाभ ठेवला, की विनोद माणसाचा होतो, आणि मग आपण त्याच्या श्वासांकडे घड्याळ लावून पाहू लागतो. बातमी आधी आपण द्यावी म्हणून जिवंत माणसाला मृत ठरवणाऱ्या आजच्या घाईतही मला तीच पैज दिसते. २०२५ च्या नोव्हेंबरात धर्मेंद्र यांच्या बाबतीत पुन्हा तेच घडले; घरच्यांना ते हयात असल्याचा खुलासा करावा लागला, आणि पुढे दोन आठवड्यांच्या आतच ते खरोखर वारले. आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्यांनी त्या वेळी खुलासे का करीत बसावे?

३१ डिसेंबर २०२२ ला लिफाफे उघडले. नियमाप्रमाणे विमावाले जिंकले, पण जेवणाचा विषय कुणी काढला नाही. शेवटी अण्णांचा लिफाफा उघडला. त्यात पाच नावे नव्हती, एकच होते : त्यांचे स्वतःचे.

“दुसऱ्या कुणाचं लिहायचा अधिकार आहे असं वाटलं नाही,” अण्णा म्हणाले. “आणि हरलो, याचा आनंद आहे. वहिनी चहा टाकते आहे.”

त्या दिवसापासून आमच्या खेळाचा नियम बदलला. दर ३१ डिसेंबरला प्रत्येकाने फक्त स्वतःचे नाव लिहायचे आणि वर्षभराने हरल्याबद्दल इतरांना चहा द्यायचा. २०२३ मध्ये पाचही जण हरलो.

२०२४ च्या श्रावणात अण्णा गेले. ३१ डिसेंबरला आम्ही चौघे त्यांच्या घरी जमलो आणि मी कपाटातला त्यांचा लिफाफा वहिनींच्या हाती दिला. त्यांनी तो उघडू दिला नाही. “आत काय आहे ते मला ठाऊक आहे,” एवढेच म्हणाल्या, आणि ज्यांनी एके काळी ते लिफाफे घरात ठेवू दिले नव्हते, त्यांनीच तो नेऊन देवघरात ठेवला.

आम्हा चौघांचे लिफाफे यंदाही माझ्या कपाटात बंद आहेत. आणि हरण्याची इच्छा अगदी मनापासूनची आहे.