प्रमाणपत्रांच्या जुडीचे लिप्यंतर

धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थांतील मोडी कागद बाळबोधीत उतरविला की मजकूर नव्या लिपीत येतो. मोर्तब मात्र मूळ कागदावरच राहते. संगणकीय प्रमाणपत्रांच्या बाबतीत याच्या नेमके उलट घडते. जळगाव-धुळे भागातील महाविद्यालयांतून संकेतस्थळे सांभाळणाऱ्यांनी हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

संकेतस्थळाचे प्रमाणपत्र पुष्कळदा जुडीच्या रूपाने हाती येते. पीकेसीएस-१२ या पद्धतीने बांधलेल्या एकाच फाइलमध्ये संस्थेची खाजगी किल्ली, तिचे प्रमाणपत्र आणि त्यावर सही करणाऱ्या मध्यस्थ प्राधिकरणाचे प्रमाणपत्र अशा तिन्ही वस्तू असतात. विंडोज सर्व्हर ही जुडी जशीच्या तशी स्वीकारतो. अपाचेला मात्र सामान्यतः ‘पेम’ नावाचा अक्षररूप मजकूर लागतो. हे रूपांतर ओपनएसएसएल हे टंकित आज्ञांवर चालणारे साधन करते. आज्ञेत ‘इन’ या शब्दापुढे जुडीचे नाव व ‘आउट’पुढे नव्या फाइलचे नाव द्यावयाचे, आणि विचारल्यावर परवलीचा शब्द सांगावयाचा.

हे भाषांतर नव्हे, लिप्यंतर होय. मुळातील तीन-तीन बाइटांची चार-चार अक्षरे होतात. वर्णमाला ६४ चिन्हांची. जवळजवळ प्रत्येक पेम प्रमाणपत्राचा मजकूर ‘एम-आय-आय’ या रोमन अक्षरांनी सुरू होतो, त्याचे कारण इतकेच की मुळातील आरंभखूण बहुधा एकच असते. सही मूळ बाइटांवर असते, अक्षरांवर नव्हे. आणि ते बाइट तंतोतंत परत मिळत असल्यामुळे मोर्तब शाबूत राहते.

धोका आहे तो किल्लीला. आज्ञेत पुष्कळजण ‘नोड्स’ असा एक शब्द जोडतात. तो ‘नोड’चे अनेकवचन भासतो, वस्तुतः त्याचा विग्रह ‘नो’ अधिक ‘डेस’ असा आहे, आणि डेस ही गूढलेखनाची एक जुनी पद्धती होय. म्हणजे किल्ली कुलपाविना लिहावी, असा त्याचा अर्थ! २०२१ च्या ३.० आवृत्तीपासून त्याच्या जागी ‘नोएन्क’ हा शब्द आला, तो अधिक प्रांजळ म्हणावा लागेल. विग्रह न जाणता आज्ञा उतरवून घेतली, तर उघडी किल्ली फाइलमध्ये पडून राहते आणि ती ज्याच्या हाती लागेल त्याला संस्थेचे सोंग घेता येते. प्रमाणपत्र चारचौघांस दाखविण्यासाठीच असते; किल्ली कोणासही नव्हे.

त्याच आवृत्तीपासून आरसी-२ पद्धतीने बांधलेल्या जुन्या जुड्या ‘लेगसी’ हा शब्द जोडल्याखेरीज सुटत नाहीत. तेथे दोष परवलीच्या शब्दाचा नसतो. नव्या फाइलमध्ये संस्थेचे प्रमाणपत्र आधी व मध्यस्थाचे नंतर, हा क्रम पाळावा. किल्ली व प्रमाणपत्र या दोहोंतून सार्वजनिक किल्ली काढून ताडली, म्हणजे जोडी जुळते की नाही हे सर्व्हर सुरू करण्यापूर्वीच कळते.