पूर्वेचे पाणी पश्चिमेला : एका शतकाचा मागोवा

सह्याद्रीच्या माथ्यावरून अरबी समुद्र फार दूर नाही. तरीही कोयना, मुळा, इंद्रायणी आणि आंध्रा या माथ्यावर उगम पावणाऱ्या नद्या त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेस वळतात, कृष्णा-भीमेला मिळतात आणि थेट बंगालच्या उपसागरापर्यंतचा दीर्घ प्रवास पत्करतात. निसर्गाचा हा निवाडा विसाव्या शतकाच्या आरंभी माणसाने फिरविला. देशावर अडविलेले पाणी कोकणच्या कड्यावरून खाली सोडून त्यापासून वीज काढावी, ही कल्पना जमशेटजी टाटांच्या काळी उदयास आली आणि लोणावळ्याच्या तलावांचे पाणी पिऊन १९१५ साली खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा ही वीजगृहेही चालू झाली. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली आणि पाताळगंगा, उल्हास व कुंडलिका या कोकणच्या नद्यांना बारमाही प्रवाह लाभला. उल्हासकाठच्या शहरांची तहान आजही बऱ्याच अंशी याच पाण्यावर भागते.

या लाभाचे मोल मात्र मुळशी पेट्यातील मावळ्यांनी चुकते केले. ज्या खोऱ्यात आंबेमोहोराची खाचरे पिढ्यान् पिढ्या कसली जात होती, ते खोरे टाटा कंपनीच्या धरणासाठी भूसंपादनाच्या कायद्याने घेण्याचा सरकारी हुकूम निघाला, तेव्हा १९२१ च्या रामनवमीस तेथे सत्याग्रह सुरू झाला. ‘जान किंवा जमीन’ ही त्याची घोषणा होती आणि पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्याने दिली. लढा मोडला, धरण उभे राहिले. परंतु मोबदल्याचे रुपये हाती ठेवले म्हणजे उठविलेल्या माणसाचा हिशेब मिटतो काय, हा मुळशीने विचारलेला प्रश्न त्यानंतर प्रत्येक धरणापाशी पुन्हा उभा राहिला.

स्वातंत्र्योत्तर काळातील कोयना प्रकल्प हा या परंपरेतील सर्वांत मोठा प्रयोग. १९५४ मध्ये आरंभ झालेल्या या कामातून शिवसागर जलाशय निर्माण झाला. त्यात आज सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी मावते. हे पाणी डोंगराच्या पोटातील बोगद्यांतून ४०० मीटरांहून अधिक खोल पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरते आणि महाराष्ट्राच्या औद्योगिक उत्कर्षाचा मोठा भार या विजेने वाहिला, याविषयी दुमत नसावे. पण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर भूकंपाने हादरले आणि पावणेदोनशेंहून अधिक माणसे प्राणास मुकली. जलाशयाचा भार व भूकंप यांचा संबंध हा तेव्हापासून जगभरच्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय झाला. धरणग्रस्तांची कथा याहून लांबलेली आहे. राज्यात पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ मध्ये, म्हणजे धरण पुरे होऊन दशक लोटल्यावर. जमिनीच्या सातबाऱ्यासाठी कचेरीचे उंबरठे झिजविण्याचे काम बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे वारशाने आले.

खालच्या राज्यांचीही तक्रार होतीच, कारण पश्चिमेस गेलेला थेंब कृष्णेत परत येत नाही. बच्छावत लवादाने १९७० च्या दशकात दिलेल्या निवाड्यात कोयनेतून पश्चिमेस वळवावयाच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. आता हे पाणी उतरते कोठे, ते पाहावे. वैशाखात कोकणच्या बहुतेक नद्यांचे तळचे धोंडे उघडे पडलेले असतात, तेव्हा चिपळुणाजवळ वाशिष्ठी वाहती असते, आणि मुंबई-पुण्यात दिवेलागण होऊन विजेची मागणी वाढली की वीजगृहांतून सुटलेल्या पाण्याने तिची पातळीही चढते. त्याच दिवसांत चिपळूण-खेडच्या सड्यांवरील वाड्यांत हंडे-कळशा टँकरच्या वाटेकडे डोळे लावून रांगेत मांडलेल्या असतात, आणि वाशिष्ठीचे पाणी बव्हंशी दाभोळच्या खाडीला मिळते.

घाटाच्या पूर्वेस याच्या उलट व्यवहार चालतो. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला मिळाल्यानंतर, टेंभूपाशी हे पाणी उचलून खानापूर, आटपाडी, सांगोल्याच्या अवर्षणग्रस्त मुलखाकडे पंपांनी टप्प्याटप्प्याने चढविले जाते. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख आणि भारत पाटणकर यांच्या पाणी परिषदांनी वर्षानुवर्षे लढून ते मिळविले, आणि जेथे माणसे ऊसतोडीला व मुंबईला जात तेथे शिवार हिरवे झाले. एकाच नदीचे पाणी पश्चिमेस उतरताना वीज देते आणि पूर्वेस चढताना वीज खाते. पण विजेला आज सूर्य, वारा, कोळसा असे अन्य मार्ग आहेत, आटपाडीच्या शेताला पाण्यावाचून दुसरा मार्ग नाही. म्हणून पश्चिमेकडील वळण क्रमाक्रमाने कमी करीत न्यावे आणि जे वळवावेच लागेल ते खाडीला मिळण्यापूर्वी कोकणच्या वाड्यांना पुरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता कोकणातील नद्यांचे पाणी घाटावर चढवून गोदावरीच्या खोऱ्यात, मराठवाड्याला देण्याच्या तजविजी सरकारदरबारी चालू आहेत. मराठवाड्याची गरज खरी आहे आणि तिला विरोध करणे अन्यायाचे होईल. मात्र ज्या गावचे पाणी न्यावयाचे त्या गावाला आधी पिण्याचे पाणी मिळावे, ज्याची जमीन बुडावयाची त्याच्या हाती आधी नव्या जमिनीचा सातबारा पडावा, आणि या दोन्ही गोष्टींचा दाखला दफ्तरी दाखल झाल्यावाचून कोणत्याही धरणाच्या पायाभरणीस शासनाने मंजुरी देऊ नये.