मेटलचा सर्वश्रेष्ठ गायक कोण?

या वादात उतरण्याचा पुण्याजवळच्या भोसरी-चाकण या मोटारउद्योगाच्या पट्ट्याला हक्कच आहे. हेवी मेटल जन्मले ते बर्मिंगहॅम परिसरात, म्हणजे मोटारींच्या गावात. ब्लॅक सॅबथ या बँडचा गायक ऑझी ऑस्बोर्न (१९४८–२०२५) काही काळ कारखान्यात गाड्यांचे हॉर्न जुळवत असे. त्याचा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनने त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके नेली. वितळवलेल्या प्लॅस्टिकच्या टोप्या बोटांवर बसवून त्याने वादन चालू ठेवले. पुढे तारांचा ताणही कमी केला. मेटलचा तो जड, खालचा सूर बराचसा त्यातूनच आला. प्रेस शॉपमधल्या माणसाला ही गोष्ट फोड करून सांगावी लागत नाही.

पुढे तर दोन्हीकडचे नाते थेट जुळले: २००८ मध्ये टाटा मोटर्सने त्याच भागातली जग्वार लँड रोव्हर घेतली आणि २०११ पासून तिच्या गाड्यांची पुण्यात जुळणी सुरू झाली.

आता गायक. ऑझीचा गळा मर्यादित, दरारा अमर्याद. जूडास प्रीस्टचा रॉब हॅलफर्ड किंचाळतानाही सूर सोडत नाही. आयर्न मेडनचा ब्रूस डिकिन्सन १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत गायला. त्या दौऱ्यात बँडचे बोइंग ७५७ तोच चालवत होता! पण निव्वळ गळ्यावर मत द्यायचे तर आमचे रॉनी जेम्स डिओला (१९४२–२०१०). तर्जनी-करंगळीची ती खूण मेटलमध्ये रुजवली, तीही त्यानेच. ऑझीभक्तांनी खुशाल भांडावे.