पेवातले भूत आणि वीस बाजूंचा फासा

भूत पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. भूत पाहिलेल्या माणसाला ओळखणारी माणसे मात्र पावलोपावली भेटतात! आमचे मोहोळ हे पुणे-सोलापूर रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. पंढरपूरची वाट इथूनच फुटते, तेव्हा गावाला देवाची सोबत आहे. आणि जिथे देवाची वाट तिथे भुताच्याही चार गोष्टी वस्तीला असायच्याच. कुणाच्या मामाला सीनेच्या काठी चकवा लागलेला असतो, तर कुणाच्या आजोबांनी पिंपळाखाली मुंज्याला विडी पेटवून दिलेली असते.

अशा गावात मी मराठीचा प्राध्यापक आहे, आणि गेली काही वर्षे दर शनिवारी दुपारी पाचसहा विद्यार्थ्यांना घेऊन भुताचा खेळ खेळतो आहे. प्लँचेट नव्हे, वाचकहो, घाबरू नका! या खेळात भूत बोलावावे लागत नाही. ते रचावे लागते. आणि भूत रचणे हे बोलावण्यापेक्षा पुष्कळच अवघड काम आहे.

डाव कसा मांडतात?

या खेळाचे मूळ अमेरिकेतले. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 1974 साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ छापून काढला. त्याला पट लागतोच असे नाही, सोंगट्यांवाचूनही अडत नाही. एक जण सूत्रधार होतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि त्या पात्राचे सहा गुण – बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, समज आणि माणसावर पडणारी छाप – आकड्यांत कागदावर मांडतात. सूत्रधार सांगतो, "तुम्ही वाड्याच्या दिंडीदरवाजाशी उभे आहात. आतून कडी आहे. काय करता?" एक म्हणतो, "कडी वाजवतो." दुसरी म्हणते, "मी परसाकडून भिंत चढते." आता भिंत चढता येणार की नाही, हे सूत्रधाराच्या लहरीवर नसते. वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या चपळाईची भर घालायची. ठरलेला आकडा गाठला तर चढलात, नाही तर पडलात. अखेरीस कुणी जिंकत नाही आणि कुणी हरत नाही. एक बैठक तीनचार तासांची. तीच पात्रे, तीच गोष्ट पुढच्या आठवड्यात पुढे चालू. अशी एक मोहीम महिनोन् महिने चालते.

प्रथम या खेळात राक्षस मारायचे आणि खजिना लुटायचा, असा मामला फार होता. 1983 साली ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याने 'रेव्हनलॉफ्ट' नावाची मोहीम लिहिली आणि खेळात खरी भीती आली. गुदमरवणाऱ्या धुक्याने वेढलेला एक मुलूख, वर किल्ला, किल्ल्यात स्ट्राड नावाचा रक्तपिपासू उमराव. धाकट्या भावाच्या वाग्दत्त वधूवर त्याचे मन गेले. लग्नाच्या दिवशीच त्याने भावाचा खून केला, आणि त्या मुलीने किल्ल्यावरून उडी घेतली. तेव्हापासून तो अमर आहे आणि आपल्याच किल्ल्यात कैदी आहे. खेळण्याआधी पत्ते काढायचे. कोणती वस्तू कुठे दडली आहे, स्ट्राडच्या मनात काय आहे, हे त्या पत्त्यांवर ठरते. म्हणून तोच किल्ला दुसऱ्यांदा खेळला तरी निराळा निघतो! 2016 साली तो नव्या रूपात आला आणि आजही जगभर खेळला जातो.

'गॉथिक' हा शब्द मुंबईकरांना इमारतींमुळे ठाऊक असतो. 1878 साली पुरा झालेला राजाबाई टॉवर त्याच घाटाचा. वाङ्मयात तो आला होरेस वॉलपोलच्या 1764 सालच्या 'कॅसल ऑफ ओट्रँटो' या कादंबरीपासून. पुढे 1816 च्या पावसाळी उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा सरोवराच्या काठी कवी बायरन आणि त्याच्या मित्रमंडळींनी भुताच्या गोष्टी लिहिण्याची पैज लावली, आणि त्यातून मेरी शेलीचे 'फ्रँकेन्स्टाइन' जन्मले. योगायोग पाहा, 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' ज्या अमेरिकन गावातून निघाले त्याचेही नाव लेक जिनिव्हाच!

वेताळाचा वारसा

पण आपण मराठी माणसांनी या पाहुण्याला परका का समजावे? गुणाढ्याची 'बृहत्कथा' आपल्या पैठणची, सातवाहनांच्या दरबारातली. आणि तिची भाषा कोणती? पैशाची, म्हणजे पिशाचांची! राजाने ती नाकारली, तेव्हा गुणाढ्याने रानात बसून पशुपक्ष्यांना एकेक पान वाचून दाखवले आणि अग्नीत टाकले, अशी कथा आहे. सात लाख श्लोकांतले एक लाख तेवढे वाचले म्हणतात. त्याच परंपरेतल्या सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त वेताळपंचविशी येते.

या पंचविशीतला वेताळ हा माझ्या मते जगातला पहिला सूत्रधार. राजाच्या खांद्यावर बसून तो गोष्ट सांगतो आणि ऐन मोक्यावर थांबून विचारतो, "सांग राजा, यात दोषी कोण?" उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील, बोललास तर मी निघालो परत झाडावर. ऐकणाऱ्याला गोष्टीबाहेर बसू द्यायचे नाही, त्याला निवाडा करायला लावायचे, ही युक्ती त्याची. आमच्या शनिवारच्या बैठकीत मी दुसरे काय करतो?

मोहोळचा वाडा

स्ट्राडचा किल्ला उचलून मोहोळात आणण्यात अर्थ नव्हता. आमच्याकडे धुके औषधापुरते. इथले भय निराळे आहे. पौषातल्या रात्री पुरुषभर उंचीची शाळूची ताटे उभी असतात; वारा पडलेला असूनही मधली दोनचार ताटे हलतात. ज्वारीचे नावाजलेले मालदांडी वाण आमच्या मोहोळच्या संशोधन केंद्रातले. तेव्हा भुतानेही ज्वारीतूनच यावे हे उचित! किल्ल्याऐवजी पडका वाडा घेतला, तळघराऐवजी पेव.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. पेव म्हणजे जमिनीत खणलेले, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असे धान्याचे कोठार. ते भरून तोंड लिंपून टाकले की वरून चालणाऱ्याला पायाखाली काय आहे याचा पत्ता लागत नाही. आता खलनायक हवा. शेजारच्या मंगळवेढ्यात दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे लोकांसाठी खुली केली, ही कथा इथल्या पोराटोरांना पाठ असते. मी तिला उलटी केली. 1876 चा दुष्काळ. सोलापूर जिल्हा होरपळलेला. आणि एक सावकार भरल्या पेवाचे तोंड लिंपून त्यावर खाट टाकून निजला आहे. माणसे दारात येऊन गेली, काही दारातच गेली. सावकार मेला, पण त्याला खाटेवरून उठता येईना. झाले आमचे भूत.

गॉथिक कथेचे मर्म माझ्या लेखी इतकेच आहे. घरातल्या कर्त्या, बलदंड माणसाने एक पाप केलेले असते, ते घराखाली पुरलेले असते, आणि जिवंत माणसांना त्यावरूनच चालावे लागते.

भीती कशी वाढावी?

मराठीचा मास्तर म्हणून मला या खेळाचा एक फायदा झाला. 'भयानक', 'भेसूर', 'अंगावर काटा आणणारा' ही विशेषणे मी बैठकीत बंद केली. त्यांनी कुणी घाबरत नाही. माणूस घाबरतो तो तपशिलाला. 'वाडा भयाण होता' याने काही होत नाही. 'साठ वर्षे बंद असलेल्या चुलीची राख कोमट लागली' म्हटले की पोरे एकमेकांना खेटून बसतात. आवाज आधी, वास नंतर, दर्शन सगळ्यांत शेवटी, आणि तेही अर्धे. वर्गात दोन वाक्ये सलग न बोलणारी मुले इथे अर्धा अर्धा तास नेमके बोलतात, कारण नेमके बोलले नाही तर पात्र खड्ड्यात पडते!

भीतीला कुंपण मात्र हवे. जॉन स्टाव्रोपोलस नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी एक साधी युक्ती सुचवलेली आहे. टेबलाच्या मधोमध फुली काढलेला एक कागद ठेवायचा. खेळताना कुणाला काही सोसेनासे झाले तर त्याने फुलीवर बोट ठेवावे. ती गोष्ट खेळातून तत्काळ काढायची, आणि का म्हणून विचारायचे नाही. एके शनिवारी मी वाड्यातली विहीर रंगवत होतो. विहिरीत पैंजण वाजले म्हणालो, आणि एका मुलीचे बोट फुलीवर गेले. मी म्हणालो, "वाड्यात विहीर नाही. पाणी आडावरून आणतात." खेळ पुढे गेला. ती त्या दिवशी शेवटपर्यंत खेळली, पुढच्या शनिवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसली. तिला कुणी काही विचारले नाही, मीही विचारले नाही. आपल्याकडच्या विहिरी किती गोष्टी गिळून बसल्या आहेत, हे का विचारून कळायला हवे?

एक पालक आणि एक विधवा

एके दिवशी एका विद्यार्थ्याचे वडील खोलीत येऊन उभे राहिले. "सर, पोरं भुताखेताचं खेळत्यात म्हणं. तुमी शिकलेली मानसं. ह्ये कशापायी?"

प्रश्न रास्त होता. ज्या महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्या महाराष्ट्रात प्राध्यापकाने मुलांपुढे भूत उभे करावे का? मी त्यांना म्हटले, "बसा, आणि पाहा."

त्या दिवशीच्या डावात गावातली गुरे आटली होती, दोन पोरे दगावली होती, आणि गावकरी एका विधवेला चेटकीण ठरवून वेशीबाहेर काढायला निघाले होते. माझे खेळाडू आधी गावकऱ्यांच्या बाजूने झुकले. गाव मोठे, बाई एकटी. फासे हातात घेऊन ते तिच्या दारापर्यंत गेले. मग एकीने मला विचारले, "सर, हिला हाकलल्यावर हिची जमीन कुणाकडे जाते?" मी म्हणालो, "सावकाराच्या नातवाकडे." कुणी काही बोलले नाही. सगळे दारातून मागे फिरले आणि नातवाच्या घराकडे निघाले. कायदा जे कलमांनी सांगतो, ते त्या मुलांनी स्वतःच्या पायांनी चालून शोधले. भीती कुणाच्या कामी येते, हा प्रश्न ज्याला सुचला त्याला भूत फार काळ धरून ठेवू शकत नाही.

वडील तीन तास बसले. जाताना हळूच म्हणाले, "मंग त्या पेवाचं काय झालं?"

पेव उघडले तेव्हा

पेवाचा शोध लागला तो मोहिमेच्या शेवटाकडे. तोंड फोडले. बहाद्दर मंडळी दोर बांधून उतरायला निघाली, तोच एक शेतकऱ्याचा मुलगा, एरवी जेमतेम बोलणारा, म्हणाला, "थांबा. आदी कंदील सोडा की आत." कंदील सोडला, तो मध्यावर विझला. बंद पेवात धान्य श्वास घेत राहते, प्राणवायू संपतो, आणि बिनधास्त उतरलेला माणूस गुदमरून मरतो, हे त्याला घरातून ठाऊक होते. 'पेवातले भूत धरते' असे आमच्या गोष्टीतले गाव म्हणत होते. ते भूत त्याने एका वाक्यात कोंडले. फासा टाकायचीही गरज पडली नाही.

हवा मोकळी झाल्यावर आत काय सापडले? कुजून काळी पडलेली ज्वारी, आणि वर सावकाराची वही. तीत दारात आलेल्या प्रत्येकाचे नाव, मागितलेले पायलीभर धान्य, आणि पुढे 'नाही'. आता वाद जुंपला. एक म्हणाला, "जाळून टाका!" त्यालाही इतिहासाचा आधार होता, 1875 साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळलीच होती. विहीर नको म्हणणारी ती मुलगी म्हणाली, "ती कर्जाची खतं होती, जाळली की माणूस सुटत होता. ही जाळली तर ही माणसं परत एकदा मरतील. ही वाचायची." आणि तिने वाचायला सुरुवात केली. माझ्याकडे नावे तयार नव्हती; ती ज्याने त्याने पुरवली, एकेक जण, आपल्या आजीच्या तोंडून ऐकलेली गावाकडची नावे. शेवटचे नाव झाल्यावर सावकार खाटेवरून उठला. स्ट्राडला मारायला लखलखती तलवार लागते. आमच्या सावकाराला हजेरी पुरली.

दिवाळीच्या सुट्टीत घरोघर चार भावंडे जमतात. पत्त्यांचे डाव होतातच. एखादी संध्याकाळ या खेळाला देऊन पाहा. वीस बाजूंचा फासा नसला तर सापशिडीचे दोन फासे चालतात. सूत्रधार आजीला करा, तिच्याजवळ मालमसाला सर्वांत जास्त असतो. फुलीचा कागद विसरू नका. भूत असे निवडा की त्याला काही लपवायचे असेल. आणि रात्री पाणी प्यायला उठणाऱ्या धाकट्यासाठी स्वयंपाकघरातला दिवा तेवढा चालू ठेवा.