नाव बदललं, वस्तू तीच का?

मंडळी, बदलूनही वस्तू तीच राहते का, हा आपला जुना प्रश्न. आज तो जँगोत पाहू. मॉडेलमधल्या 'फोन' फील्डचं नाव आपण 'मोबाइल' केलं, की 'मेकमायग्रेशन्स' विचारतं: नाव बदललं का? 'हो' म्हटलं, तर माहिती टिकते. 'नाही' म्हटलं, तर जुना कॉलम काढून नवा जोडणारी फाइल तयार होते. ती चालवली की सगळे नंबर गेले! 'नोइनपुट' लावलं, तर न विचारताच 'नाही' धरलं जातं. म्हणून 'मेकमायग्रेशन्स' आपण स्वतः चालवायचं, फाइल वाचायची, कोडसोबत ठेवायची. सर्व्हरवर आपोआप चालू द्यायचं ते फक्त 'मायग्रेट'. कॉलम तोच की नवा, हे यंत्राला कुठून कळणार? ते आपणच सांगायचं असतं.