बोलणारा पडदा

आयबीएम कंपनीचा पीसी १९८१ साली बाजारात आला, तेव्हा त्याच्या पडद्यावर बहुतेक वेळा फक्त अक्षरेच असत. २५ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० अक्षरे, अशी दोन हजार घरे. कोणत्या घरात कोणते अक्षर आहे आणि त्याचा रंग कोणता, याची नोंद संगणकाच्या मेमरीत ठरलेल्या जागी दोन-दोन बाइट्समध्ये होई. एखाद्या छोट्या प्रोग्रॅमला तिथे डोकावून अक्षरे उचलता येत आणि बोलणाऱ्या यंत्राकडे पाठवता येत. ही रचना करताना अंध माणसांचा विचार कोणी केला नव्हता, तरी संगणकाचे दार त्यांच्यासाठी उघडले ते तिच्यामुळेच.

आयबीएममधील गणितज्ञ जिम थॅचर यांनी जेसी राइट या दृष्टिहीन सहकाऱ्याच्या साथीने ऐंशीच्या दशकात असा प्रोग्रॅम घडवला. ‘स्क्रीन रीडर’ हे त्याचे नाव पुढे या साऱ्या प्रकारालाच चिकटले. मोटरसायकल शर्यतींत उतरणारे टेड हेंटर यांची दृष्टी १९७८ मध्ये अपघातात गेली. नंतर ते प्रोग्रॅमिंग शिकले आणि १९८७ मध्ये बिल जॉइस यांच्यासह त्यांनी अमेरिकेत कंपनी काढली. त्यांचा ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर १९८९ मध्ये आला. बोलक्या संगणकाच्या आधारे नोकरी करता यावी, हा हेतू त्या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांतच आहे.

त्या काळच्या पीसीच्या स्पीकरमधून फार तर ‘बीप’ निघे. म्हणून बोलण्यासाठी सिंथेसायझरची वेगळी पेटी जोडावी लागे आणि ती कित्येकदा संगणकापेक्षाही महाग असे. १९८४ च्या सुमारास आलेल्या ‘डेकटॉक’ या सिंथेसायझरचा मुख्य आवाज डेनिस क्लॅट या संशोधकाने स्वतःच्या आवाजावरून बेतला होता. स्टीफन हॉकिंग यांच्या परिचित यांत्रिक आवाजाचे मूळही क्लॅट यांच्याच कामात आहे. नवख्या कानाला हे बोलणे कळत नसे. सरावलेला वापरकर्ता मात्र ते इतक्या वेगाने ऐके की शेजारच्याला नुसता गुणगुणाट वाटावा.

खरे कष्ट ऐकण्यात नव्हते, पडद्याचा नकाशा डोक्यात ठेवण्यात होते. डोळा एका नजरेत पडदा टिपतो. कानाला तो ओळीमागून ओळ असाच मिळतो. मेनूतली निवडलेली ओळ फक्त वेगळ्या रंगाने दाखवलेली असे, त्यामुळे रंगाची नोंद तपासून तेवढीच ओळ वाचायला स्क्रीन रीडरला शिकवावे लागे. प्रत्येक नव्या सॉफ्टवेअरसाठी ही मशागत पुन्हा करावी लागे. ‘वर्डपरफेक्ट’ हा लेखनाचा प्रोग्रॅम अनेकांना आवडे तो याच कारणाने: पडदा जवळजवळ कोरा आणि कर्सर कुठे आहे ते तळाच्या एकाच ओळीत लिहिलेले. स्क्रीन रीडर सुरू होण्याआधीच संगणक अडला तर काहीच ऐकू येत नसे. मग डोळस माणसाला बोलावण्यावाचून गत्यंतर नसे.

हे सारे अंगवळणी पडत असतानाच खिडक्या, चित्रे आणि माउस आले. विंडोज ३.० हे १९९० चे. आता पडदा ठिपक्यांचा झाला आणि ‘अ’ हे अक्षर मेमरीत अक्षर म्हणून सापडेना. कष्टाने मिळवलेली नोकरी हातची जाण्याची भीती खरी होती. उपाय अवघड, पण विलक्षण होता. पडद्यावर काही काढण्याची आज्ञा सुटली की स्क्रीन रीडर ती वाटेतच टिपे आणि न दिसणाऱ्या पडद्याचा स्वतःचा आराखडा मेमरीत उभा करी. मॅकिंटॉशसाठी ‘आउटस्पोकन’ १९८९ मध्येच आला होता. विंडोजसाठी ‘जॉज’ १९९५ मध्ये आला.

मराठीची अडचण आणखी निराळी होती. जुन्या फाँटमध्ये देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर बसवलेले असत. डोळ्यांना मराठी दिसे, पण स्क्रीन रीडर निरर्थक इंग्रजी अक्षरे बडबडे. युनिकोड रुळल्यावर हा गुंता सुटू लागला. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेला ‘एनव्हीडीए’ मोफत मिळतो आणि ‘ईस्पीक’ या सिंथेसायझरच्या साह्याने मराठीही वाचतो. तरी ‘इ’ ऱ्हस्व की दीर्घ हे भरभर ऐकताना कळत नाही. शुद्धलेखन तपासताना बाणाच्या कळीने आजही एकेका अक्षरावर थांबत जावे लागते.