इंडोनेशियन भाषेचे व्याकरण

इंडोनेशियन भाषेचे व्याकरण : इंडोनेशिया प्रजासत्ताकाची राष्ट्रभाषा असलेल्या ‘बाहासा इंडोनेसिया’ या भाषेची रचना. ऑस्ट्रोनेशियन कुलातील मलाय भाषेचे हे प्रमाणित रूप होय. २८ ऑक्टोबर १९२८ रोजी युवक परिषदेने तिला ऐक्याची भाषा म्हणून मान्यता दिली आणि १९४५ च्या संविधानाच्या ३६ व्या अनुच्छेदाने ती शासनाची भाषा ठरली. त्या काळी जावानीज भाषिकांची संख्या मलाय भाषिकांहून कितीतरी अधिक होती. तथापि मलाय ही शतकानुशतके द्वीपसमूहातील बंदरांत व्यापारव्यवहाराची भाषा होती. शिवाय श्रोत्याच्या दर्जाप्रमाणे शब्दसंग्रहच बदलण्याचे जावानीजमधील बंधन तीत नव्हते.

विभक्ती, लिंग आणि क्रियापदाची काळवाचक रूपे नसल्याने ही भाषा अत्यंत सोपी समजली जाते. ही समजूत अंशतःच खरी आहे. इतर भाषांत विकारांनी होणारे कार्य येथे शब्दक्रम, अव्यये आणि उपसर्ग-प्रत्यय यांच्याकडे आलेले असते.

ध्वनी व लेखन : भाषा रोमन लिपीत लिहिली जाते. इंडोनेशिया व मलेशिया यांनी १९७२ मध्ये लेखनपद्धतीत सुधारणा केल्यापासून उच्चार व लेखन यांत बरीच एकवाक्यता आहे. मात्र ‘ए’ हा स्वर आणि अस्पष्ट, ऱ्हस्व ‘अ’ हे दोन्ही एकाच अक्षराने दर्शविले जातात. महाप्राण व्यंजने नसल्यामुळे संस्कृतातील ‘भाषा’ चे ‘बाहासा’, ‘भूमि’ चे ‘बुमि’ आणि ‘दुःख’ चे ‘दुका’ झाले आहे.

नाम व विशेषण : नामाला व्याकरणिक लिंग नाही. अनेकवचन बहुधा संदर्भाने कळते. ते स्पष्ट करावयाचे असल्यास द्विरुक्ती करतात : ‘बुकु’ पुस्तक, ‘बुकु-बुकु’ पुस्तके. संख्यावाचकानंतर द्विरुक्ती होत नाही : ‘तिगा बुकु’ तीन पुस्तके. मोजताना वर्गदर्शक शब्द येतात. माणसांसाठी ‘ओराङ’ (माणूस), प्राण्यांसाठी ‘एकोर’ (शेपूट) व अनेक वस्तूंसाठी ‘बुआह’ (फळ) हे शब्द वापरतात, उदा., ‘दुआ एकोर कुचिङ’ दोन मांजरे. विशेषण, स्वामित्वदर्शक व दर्शक शब्द नामानंतर येतात : ‘रुमाह बसार इनि’ (घर मोठे हे) म्हणजे हे मोठे घर.

सर्वनाम : ‘दिया’ हे तो व ती या दोहोंसाठी येते. श्रोत्यासह ‘आपण’ या अर्थी ‘किता’ व श्रोत्याला वगळून ‘आम्ही’ या अर्थी ‘कामि’ अशी दोन सर्वनामे आहेत. हा भेद मराठी वाचकास परिचितच आहे. आदराने संबोधताना ‘बापाक’ (वडील) व ‘इबु’ (आई) हे नातेवाचक शब्द वापरतात.

वाक्यरचना : शब्दक्रम कर्ता, क्रियापद, कर्म असा असतो : ‘साया मम्बाचा बुकु’ मी पुस्तक वाचतो. ‘असणे’ या अर्थाचे क्रियापद बहुधा येत नाही : ‘दिया गुरु’ तो शिक्षक आहे. काळ व क्रियेची अवस्था अव्ययांनी दर्शवितात : ‘सुदाह’ क्रिया झाली, ‘सदाङ’ चालू आहे, ‘आकान’ होणार आहे. निषेधाचे प्रकार नेमके आहेत. क्रियापद व विशेषण यांच्यापूर्वी ‘तिदाक’, तर नामापूर्वी ‘बुकान’ येते. त्यांतील अंतर बहुतांशी मराठीतील ‘नाही’ व ‘नव्हे’ यांच्यासारखे आहे. ‘बलुम’ म्हणजे अद्याप नाही, तर ‘जाङान’ हे ‘नको’ या अर्थी मनाई करते.

शब्दसिद्धी : भाषेचे खरे सामर्थ्य आणि नवशिक्याची खरी अडचण येथे आहे. ‘तुलिस’ (लिही-) या धातूपासून ‘मनुलिस’ लिहिणे, ‘पनुलिस’ लेखक, ‘तुलिसान’ लिखाण, ‘दितुलिस’ लिहिले जाणे व ‘तर्तुलिस’ लिखित हे शब्द बनतात. कर्तरी प्रयोगात सकर्मक धातूस लागणाऱ्या उपसर्गाचे अनुनासिक धातूच्या आद्यध्वनीप्रमाणे बदलते. प, त, क, स या आद्य व्यंजनांचा सामान्यतः लोप होऊन त्यांच्या जागी अनुक्रमे म, न, ङ, ञ येतात : ‘पुकुल’-‘ममुकुल’ (मारणे), ‘किरिम’-‘मङिरिम’ (पाठविणे), ‘सापु’-‘मञापु’ (झाडणे). ब, द यांसारखी घोष व्यंजने मात्र टिकतात : ‘बाचा’-‘मम्बाचा’. शब्दकोशांत शब्द धातूखाली दिलेले असल्याने हा नियम न जाणणाऱ्यास ‘मनुलिस’ हा शब्द कोशात कोठे शोधावा, हेच कळत नाही.

कर्मणी प्रयोग विपुल आहे. कर्ता तृतीयपुरुषी असता ‘दि-’ हा उपसर्ग लागतो : ‘सुरात इतु दितुलिस गुरु’ ते पत्र शिक्षकाने लिहिले. प्रथम व द्वितीय पुरुषांत तो न लागता कर्ता धातूच्या लगत आधी येतो : ‘सुरात इतु साया तुलिस’ ते पत्र मी लिहिले.

संस्कृतोद्भव शब्द : संस्कृताचा प्रभाव शब्दसंग्रहापुरता मर्यादित राहिला नाही. ‘-वान’ व ‘-वाती’ या प्रत्ययांनी ‘कार्यावान’ (कर्मचारी) व ‘कार्यावाती’ (स्त्री-कर्मचारी) असा लिंगभेदही काही शब्दांत आला. मात्र परिचित शब्दांचे अर्थ गृहीत धरता येत नाहीत, उदा., ‘आगामा’ म्हणजे धर्म. म्हणूनच प्रारंभिक अभ्यासात शब्दार्थांबरोबरच धातू ओळखण्याचा सराव महत्त्वाचा ठरतो.